‘बॉर्डर’वरची साखर

(खानापूर येथे लेखक, शिक्षक आणि विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



भाषेच्या व्यासपीठावर मधुमेहाचा विषय कशासाठी, असा प्रश्न कार्यक्रमपत्रिका वाचून काहींना पडला असेल. मी डॉक्टर नाही, मराठीचा शिक्षक आहे. कुणाला कोणती गोळी घ्यावी हे सांगायला मी उभा नाही आणि माझं ऐकून कुणी आपली गोळी बदलूही नये. पण गेली काही वर्षं माझ्या वयाच्या माणसांत बसतो तेव्हा एक गोष्ट सारखी जाणवते. साठी-सत्तरीत ‘तुम्हाला मधुमेह असू शकतो’ असं कळतं तेव्हा माणूस आधी शब्दांपाशी अडखळतो, औषधांची वेळ नंतर येते. शब्द चुकीचा समजला की तपासणी चुकते, पथ्य चुकतं आणि कधी कधी जिवावर बेततं. म्हणून हा विषय आपलाही आहे.

आपल्या खानापूर तालुक्यातल्या घराचं चित्र डोळ्यांपुढे आणा. आजी घरात मराठी बोलते. बाजारात कन्नडही बोलते. दवाखान्यात डॉक्टर कधी मराठीत, कधी कन्नडात, कधी हिंदीत बोलतात. रक्ताच्या तपासणीचा कागद मात्र इंग्रजीत येतो आणि गोळ्यांच्या पाकिटावरची अक्षरं तिला दिसतही नाहीत. तो कागद वाचतो बेळगावला कॉलेजात जाणारा नातू. तो म्हणतो, “आजी, तुझी शुगर बॉर्डरला हाय.” एवढ्या साऱ्या भाषा ओलांडून आजीपर्यंत पोचतो तो हा एक शब्द, बॉर्डर.

सीमाभागातल्या माणसाला बॉर्डर म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. रेघेच्या अलीकडे एक, पलीकडे दुसरं. म्हणून आजी समजते, ‘अजून अलीकडं हाय, म्हंजे काही झालेलं नाही.’ शेजारीण समजते, ‘पलीकडं गेलीच म्हणायची, आता गोड बंद.’ खरी गोष्ट या दोहोंच्या मधली आहे.

रक्तातली साखर मोजतात ती मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या मापात. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त असेल तर तो मधुमेहाच्या हद्दीतला आकडा. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देऊन दोन तासांनी तपासलं आणि २०० किंवा त्याहून जास्त आलं, तर तोही. तिसरी तपासणी एचबीए१सी, जिला आपल्याकडे लोक ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतात. हे नाव मला फार आवडतं, कारण ते इंग्रजी नावापेक्षा जास्त सांगतं. रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढ्या काळात तिच्यातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, हे ही तपासणी टक्क्यांत सांगते. इथली हद्द ६.५ टक्के. त्याखाली ५.७ ते ६.४ हा पट्टा मधुमेहपूर्व अवस्थेचा, म्हणजे आपल्या बॉर्डरचा.

ही हद्द माणसांनीच ठरवलेली आहे. उपाशीपोटीच्या साखरेची मधुमेहपूर्व अवस्था जागतिक आरोग्य संघटना ११० पासून धरते, तर अमेरिकन डायबिटीस असोसिएशन १०० पासून. म्हणजे १०५ आकडा असलेला माणूस एका नकाशात निरोगी आणि दुसऱ्या नकाशात सीमेवर! शरीराला ही रेघ ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीने तो एक लांब उतार आहे. उतारावर आपण कुठे उभे आहोत आणि कुठल्या दिशेने चाललो आहोत, हे कळण्यासाठी आकडे असतात.

या आकड्यांचा आवाका सांगतो. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. साखर १०० असेल तर त्या सगळ्या रक्तात मिळून सुमारे ५ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचा एक चमचा. १२६ झाली तर सव्वा चमचा. एवढ्याशा फरकावर शरीर किती बारीक लक्ष ठेवून असतं, ते यावरून कळावं. कुंद्याच्या एका वाटीचं काय होत असेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

आता ‘असू शकतो’ या शब्दांकडे येऊ. तहान फार लागणं, वारंवार लघवी होणं, वजन घटणं अशी लक्षणं स्पष्ट असतील आणि साखर २०० च्या वर असेल, तर निदान लगेच होतं. पण लक्षणं नसताना एकाच तपासणीत एकच आकडा जास्त आला, तर त्यावरून निदान पक्कं करत नाहीत. तपासणी पुन्हा करतात, नाहीतर दुसऱ्या प्रकारच्या तपासणीशी ताडून पाहतात. ताप, न्यूमोनिया, शस्त्रक्रिया अशा ताणात साखर तात्पुरती चढते. सांधेदुखीवर किंवा दम्यावर स्टेरॉइड चालू असेल तरी चढते. कुणी दिलेल्या सांधेदुखीच्या पुडीत काय आहे हे आपल्याला माहीत नसतं; म्हणून अशी पुडी घेत असाल तर ती डॉक्टरांना दाखवायला हवी. अंगात रक्त कमी असेल, तर तीन महिन्यांची साखरही फसवू शकते. लोहाच्या कमतरतेत ती खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते, नुकताच रक्तस्राव झाला असेल तर कमी. आपल्या भागात रक्त कमी असलेल्या बायका किती आहेत, हे वेगळं सांगायला नको.

व्याकरणात आपण ‘आहे’ आणि ‘असावा’ यांतला फरक शिकवतो. एक निश्चयाचा, दुसरा शक्यतेचा. दवाखान्याच्या दारात हा फरक गळून पडतो. डॉक्टर म्हणतात ‘असावा’, घरी पोचेपर्यंत त्याचं ‘आहे’ होतं किंवा ‘नाही’ होतं. दोन्ही वाईट. ‘आहे’ झालं की घाबरून जेवण निम्म्यावर येतं, ‘नाही’ झालं की पुढची तपासणी राहून जाते. ‘असावा’ म्हणजे पुन्हा पाहायचं आहे. त्या शब्दाला एक तारीख जोडून घ्यावी. पुन्हा कधी यायचं, काय खाऊन किंवा न खाता यायचं, हे विचारल्याशिवाय उठू नये.

‘न खाता’ वरून दुसरा शब्द आठवला. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं ‘फास्टिंग’. त्याचं मराठी कुणीतरी सांगतं, ‘उपवास करून या.’ आणि आपल्याकडे उपवास म्हणजे काय? साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, रताळं, केळं, शेंगदाण्याचा लाडू आणि दोन वेळा चहा. अशा उपवासानंतर काढलेल्या रक्ताला उपाशीपोटीचं रक्त म्हणता येणार नाही. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ स्टार्च, तो पोटात गेला की त्याची साखर व्हायला वेळ लागत नाही. म्हाताऱ्या माणसाचं यात काही चुकलेलं नसतं, भाषांतर चुकलेलं असतं. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे, अनशापोटी. रात्रीच्या जेवणानंतर किमान आठ तास पाण्याशिवाय पोटात काही नाही, चहाही नाही. ‘उद्या अनशापोटी या’ म्हटलं की आमच्या पिढीला दुसरं काही सांगावं लागत नाही.

या आजाराचं नाव मात्र आपण बाहेरून आणलेलं नाही. मधु म्हणजे मध, मेह म्हणजे लघवी. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत प्रमेहाचे २० प्रकार सांगितले आहेत, त्यांत मधुमेह एक. अशा लघवीकडे मुंग्या धाव घेतात हे तेव्हाच्या वैद्यांनी टिपून ठेवलं होतं. आपण ‘शुगर’ म्हणतो, कन्नड शेजारी ‘सक्करे कायिले’ म्हणतात. साखर, सक्करे आणि शुगर हे तिन्ही शब्द फिरत फिरत त्या एका संस्कृत ‘शर्करा’वरूनच आलेले आहेत. तेव्हा निदान या आजारात तरी आपल्याला एकमेकांची भाषा परकी वाटण्याचं कारण नाही.

चरकसंहितेत आणखी एक गोष्ट आहे, ती आजच्या विषयाला फार लागू पडते. प्रमेहाचा एक रोगी स्थूल आणि बलवान असतो, दुसरा कृश आणि दुर्बल. पहिल्याचं वजन आणि दोष उतरवायचे, दुसऱ्याला पोषण द्यायचं, असा भेद तिथे केला आहे. उतारवयात हा भेद विसरला जातो. सत्तरीची बारीक आजी असते, तिच्यापुढे पन्नाशीच्या लठ्ठ माणसासाठी लिहिलेला कागद ठेवतात. ती भात सोडते, भाकरी अर्ध्यावर आणते, दूध बंद करते. साखर थोडी उतरते, पण मांड्यांचं मांस झडतं. मग उठताना तोल जातो, माणूस पडतो, खुब्याचं हाड मोडतं. वाढत्या वयात स्नायू आधीच कमी होत असतात. त्यांना डाळ, उसळ, दही, अंडं, मासे यांतून प्रथिनं मिळायलाच हवीत. मूत्रपिंडाचा विकार असेल तर किती घ्यायचं ते डॉक्टर सांगतील. वजन अचानक फार उतरत असेल आणि साखर नव्यानेच चढलेली असेल, तर ‘पथ्य लागू पडलं’ म्हणून खूश होऊ नये. क्वचित त्यामागे स्वादुपिंडाचा दुसरा आजार असू शकतो. तेव्हा ते आवर्जून सांगावं.

बारीक माणसाला साखर होत नाही, हाही आपला एक जुना समज. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या माता आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास चालवला. आपली बाळं वजनाने कमी, पण चरबीच्या प्रमाणात कमी नाहीत, हे त्यांनी दाखवलं. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं आणि इंग्लंडमधल्या डॉ. युडकिन यांचं छायाचित्र शेजारी शेजारी छापलं गेलं. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच होतं, पण अंगातली चरबी एकाची ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकरांची २१.२ टक्के. शेतात राबणारा, हाडकुळा दिसणारा माणूसही सुरक्षित नाही, याचं उत्तर यात काही अंशी मिळतं.

आकडेही तेच सांगतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या ‘इंडिएब’ पाहणीचे देशभराचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशातल्या प्रौढांत ११.४ टक्के लोकांना मधुमेह आणि १५.३ टक्के लोक मधुमेहपूर्व अवस्थेत. माणसांत मोजायचं तर सुमारे १० कोटी १० लाख आणि १३ कोटी ६० लाख. राज्यांमध्ये सर्वांत जास्त प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के. कणकुंबीच्या पलीकडे घाट उतरलं की गोवा. ताटातला भात आणि मासा घाटाच्या दोन्ही बाजूंना फारसा वेगळा नाही.

मग खायचं काय? पहिला शब्द ‘पथ्य’. आपल्याकडे पथ्य आजारापुरतं असतं. कावीळ झाली, महिनाभर तेल बंद. बरं झालं, संपलं. मधुमेहाचं पथ्य तसं संपत नाही, म्हणून ते आयुष्यभर पाळता येईल असं हवं. भाताच्या मुलखातल्या माणसाला ‘भात बंद’ सांगणं म्हणजे चार दिवसांनी मोडणारा नियम सांगणं. त्यापेक्षा ताटाची मांडणी बदलावी. ताटाचा अर्धा भाग पालेभाजी, फळभाजी, काकडी, कोशिंबीर. पाव भाग डाळ, उसळ, अंडं किंवा मासा. उरलेला पाव भाग भात किंवा भाकरी, दोन्ही नव्हे. आधी भाजी-उसळ खावी, मग भाताकडे वळावं. मापासाठी वजनकाटा लागत नाही. चतकोर, अर्धी, पळीभर, मूठभर ही आपली मापं आजीला पाठ आहेत. ‘१५० ग्रॅम शिजवलेला भात’ म्हणण्यापेक्षा ‘एक वाटी सपाट, शीग नको’ म्हटलेलं तिला चटकन कळतं.

इथे दोन गैरसमज बाजूला करायला हवेत. पहिला गुळाचा. निपाणी-चिकोडीकडे ऊस, कोल्हापुराकडे गुऱ्हाळं. गूळ आपल्या घरातलाच. ‘साखर नको, गुळाचा चहा चालतो’ असं प्रेमाने सांगितलं जातं. गुळात थोडी खनिजं असतात हे खरं, पण बहुतांश भाग साखरेचाच आहे आणि रक्ताला दोहोंतला फरक कळत नाही. दुसरा गैरसमज नाचणीचा. नाचणी चांगलीच, तंतू आहेत, कॅल्शियम आहे. पण बारीक दळून, पातळ शिजवून भांडंभर आंबील प्यायली, तर तिचीही साखर लवकर चढते. भाकरी चावून खाणं आणि आंबील पिणं यांत फरक आहे. धान्याचं नाव बदललं म्हणून त्याचं माप माफ होत नाही.

खाण्याच्या जोडीला चालणं. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं की मधुमेहपूर्व अवस्थेतल्या लोकांनी थोडं वजन उतरवलं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल केली, तर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. साठीच्या पुढच्यांत ते ७१ टक्क्यांनी घटलं. म्हणजे ‘आता या वयात काय उपयोग’ हे वाक्य खोटं ठरलं. २००६ साली चेन्नईच्या अभ्यासात आपल्या देशातल्या लोकांतही आहार-चालण्याने हे प्रमाण २८.५ टक्क्यांनी उतरलं. फायदा आपल्याकडे कमी दिसला, तरी एवढा फायदा सोडण्यासारखा नाही. आपल्याकडे यासाठी शब्द तयार आहे, शतपावली. फक्त शंभर पावलं म्हणजे जेमतेम एक मिनिट झालं. ती दहा-पंधरा वेळा करावी, जेवणानंतर १०-१५ मिनिटं, दोन्ही वेळा. जेवल्यावर साखर चढत असते तेव्हाच पायांचे स्नायू ती ओढून घेतात. मात्र अनवाणी नको. मधुमेहात पायाची संवेदना हळूहळू बोथट होते. ‘पायाला मुंग्या येतात’ म्हणून जे सांगतात, ती बहुधा त्याचीच सुरुवात. काटा रुतला, चपलेने घासलं, तरी कळत नाही. रोज रात्री तळपाय पाहावेत. वाकता येत नसेल तर नातवाला पाहायला सांगावं.

आता या व्याख्यानातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग. ताप उतरला, सूज उतरली, कर्ज उतरलं. मराठीत ‘उतरणं’ बहुतेक वेळा चांगलंच असतं. म्हणून ‘साखर उतरली’ ऐकलं की घरात समाधान पसरतं. पण साखर ७० च्या खाली उतरली, तर तोच धोका असतो, आणि उतारवयात तो चढलेल्या साखरेपेक्षा लवकर घात करतो. चढलेली साखर वर्षानुवर्षं डोळे, मूत्रपिंड, नसा पोखरते. उतरलेली साखर अर्ध्या तासात माणसाला पाडते. हात थरथरतात, दरदरून घाम येतो, पोटात खड्डा पडतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, हातपाय गळतात. हे सगळे शब्द आपल्या बोलीत आहेत आणि डॉक्टरांना तेच सांगावेत. म्हाताऱ्या माणसांत मात्र थरथर आणि घाम कधी दिसतही नाहीत. माणूस नुसता गोंधळतो, असंबद्ध बोलतो, ओळख विसरतो, चिडतो. घरचे म्हणतात, ‘वय झालं, चालायचंच.’ गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेला वडीलधारा माणूस अचानक असं वागू लागला, तर आधी साखर तपासावी. यंत्र नसेल तर थांबून न राहता, शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला द्यावी. १५ मिनिटांनी सुधारणा नसेल तर पुन्हा द्यावी, आणि बरं वाटल्यावर काहीतरी खायला द्यावं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, ते श्वासनलिकेत जातं. अशा वेळी १०८ ला फोन करून दवाखाना गाठावा.

सगळ्याच औषधांनी असं होत नाही. मेटफॉर्मिन एकटं असेल तर साखर सहसा इतकी खाली जात नाही. त्यासाठी मूत्रपिंडाची तपासणी आणि वर्षानुवर्षं घेत असल्यास ब-१२ जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी लागते. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्या आणि इन्सुलिन यांनी साखर खाली जाऊ शकते. त्यांतलं ग्लिबेनक्लामाइड वृद्धांना शक्यतो देऊ नये, असं वैद्यकातच मानतात. आपली गोळी कोणत्या जातीची, हा प्रश्न डॉक्टरांना विचारणं उद्धटपणाचं नाही. एकादशीला सकाळची गोळी घ्यायची आणि दिवसभर जेवायचं नाही, हे या गोळ्यांच्या बाबतीत जिवाशी खेळणं आहे. उपवास किंवा वारी ठरली की आधी डॉक्टरांना विचारून गोळीचं वेळापत्रक बदलून घ्यावं. आपल्या मनाने गोळी टाकूही नये आणि आपल्या मनाने उपाशीही राहू नये.

याच कारणासाठी वृद्धांचं लक्ष्य वेगळं असतं. तब्येत धडधाकट असलेल्या वृद्धाला तीन महिन्यांची साखर ७ ते ७.५ च्या खाली चालते. हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार असे अनेक आजार असतील, विसरभोळेपणा वाढला असेल, तर ८ च्या खाली पुरते. खूप थकलेल्या माणसात तर त्या आकड्यामागेही लागत नाहीत. साखर फार खाली जाऊ नये आणि चढल्याचा त्रास होऊ नये, एवढंच पाहतात. शेजारच्या काकांची ६.२ आली म्हणून आजीचीही यायला हवी, असं नाही. परदेशात मुलं असलेल्या घरांत आणखी एक घोळ होतो. इंग्लंडमध्ये रक्तातली साखर वेगळ्या मापाने मोजतात. आपले १२६ तिथे ७.० होतात. मुलगा फोनवर ‘सात’ म्हणतो ती त्या घडीची साखर, आई ‘सात’ म्हणते ती तीन महिन्यांची. दोघं एकच आकडा बोलतात आणि वेगळंच समजतात.

‘बरं झालं का?’ हा आपला प्रेमाचा प्रश्न असतो. मधुमेहाला त्याचं उत्तर ‘हो’ देता येत नाही, आणि ‘नाही’ म्हटलं की माणूस खचतो. यापेक्षा ‘आटोक्यात आहे’ हा शब्द खरा. आटोक्यात म्हणजे आपल्या हाताच्या पोचेत. हा शब्द रुजला, तर तपासणी चांगली आली म्हणून गोळी परस्पर बंद करण्याची सवय कमी होईल. गोळी घेऊन आकडा चांगला आला, तर त्यात त्या गोळीचाही वाटा असतो.

आता तुमच्याकडे माझं मागणं. सरकारी आरोग्य केंद्रांत ३० वर्षांवरच्या सगळ्यांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. आशाताई घरोघर येतात. गरज आहे ती एका पानाची. मोठ्या अक्षरांत, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. त्यावर अनशापोटी म्हणजे काय, पुढच्या तपासणीची तारीख, गोळीचं नाव आणि ती जेवणाआधी की नंतर, साखर खाली गेल्याची लक्षणं आणि तेव्हा काय करायचं, वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड आणि पाय तपासायची आठवण. मजकूर लेखकांनी लिहावा, डॉक्टरांनी तपासावा, कन्नड शिक्षकांनी त्याचं कन्नड करावं. आपल्या सीमाभागात हिवाळ्यात गावोगावी साहित्य संमेलनं भरतात. तिथे हे पान वाटलं, तर तेही भाषेचंच काम झालं.

शिक्षकांनी निबंधासाठी विषय द्यावा, ‘आमच्या आजीचा तपासणीचा कागद’. मुलांनी घरी बसून तो कागद आजीला आजीच्या भाषेत समजावून सांगावा आणि आजीला काय कळलं ते तिच्याच शब्दांत लिहून आणावं. त्या निबंधांतून आपल्याला किती तरी शब्द मिळतील, जे कुठल्याच परिभाषाकोशात नाहीत. विद्यार्थी मित्रांनो, ‘शुगर बॉर्डरला हाय’ एवढं सांगून उठू नका. आकडा किती, पुन्हा कधी तपासायचं, आज ताटात काय बदलायचं आणि गरगरलं तर काय द्यायचं, या चार गोष्टी सांगूनच उठा. पुढच्या वेळी तिच्याबरोबर दवाखान्यातही जा.